तांबं आधी काढायचं

चतुर्थीच्या आधीचा पंधरवडा म्हणजे सिंधुदुर्गात घरं झाडायचा पंधरवडा. माळ्यावरचं, पडवीतलं, मांगरातलं सगळं बाहेर येतं. त्यातलं जे लोखंडाचं असेल ते टेम्पोत पडतं आणि कसालच्या बाजूला येतं. कसाल तिठ्यावर मालवणचा रस्ता महामार्गाला मिळतो, म्हणून कट्टा-चौक्याकडचा माल इथे उतरतो आणि ओरोस-कुडाळकडचाही. गेल्या वर्षी त्या दिवसांत तिथल्या एका भंगाराच्या आवारात मी अर्धा दिवस बसलो होतो. पाऊस येऊन-जाऊन होता. ताडपत्रीखाली ढीग लागले होते: गंजून चाळण झालेले पत्रे, खिडक्यांचे गज, पातं झिजलेला आडाळो, शिवणयंत्राचा बिडाचा पाय, विहिरीवरचे जळलेले पंप. शेतातला नांगर आणि होडीचा नांगर एकाच ढिगात, एकमेकांत अडकून पडले होते.

अठरा-वीस वर्षांचा एक मुलगा पंपाची मोटर फोडत होता. घणाच्या दोन घावांत वरचं बिडाचं कवच फुटलं. आत पातळ पत्र्यांच्या चकत्या दाबून केलेला गोल गाभा होता आणि त्याच्या खाचाखाचांतून तांब्याच्या तारेची वेटोळी गेली होती. मोटर जळलेली, त्यामुळे तारेवरचं वार्निश काळं पडलेलं आणि त्याचा करपट वास अजून येत होता. मुलाने छिन्नी लावून एका बाजूची सगळी वेटोळी कापली, मोटर उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने पहारीचं टोक घालून एकेक जुडगा ओढून काढला. मूठभर तांबं बाहेर आलं. खाचेत कागदाच्या कपट्याबरोबर चार-पाच तारा अडकून राहिल्या होत्या. त्याही त्याने पक्कडीने धरून काढल्या. मग रिकामा गाभा लोखंडाच्या ढिगात फेकला आणि पुढची मोटर ओढली.

त्या चार-पाच तारांसाठी एवढा वेळ का घालवायचा, असं मी आवाराच्या मालकांना विचारलं. काका वजनकाट्याजवळ बसले होते. म्हणाले, "आदी तांबा काडूचा, मगे लोखांड. उलटा करून चलाचा नाय."

त्यांच्या हिशेबात याचं कारण सरळ आहे. तांब्याला लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो. पण काकांचं हेच वाक्य पोलादाच्या कारखान्यात गेलं तर तिथला धातुशास्त्रज्ञही त्याच्यावर सही करील, आणि त्याचं कारण पैशाचं नसेल. लोखंडात एकदा तांबं वितळलं की ते जगातली कुठलीही भट्टी सहजासहजी वेगळं करू शकत नाही. ते काय ते या ढिगावर, छिन्नी-पक्कडीनेच वेगळं होतं. हे प्रकरण भंगार वितळवणाऱ्या भट्टीविषयी आहे. पण तिची गोष्ट या मुलाच्या हातापासून सुरू होते, असं मला मनापासून वाटतं.

आधी भंगार म्हणजे काय, ते पाहू. कोकणात घराच्या भिंती ज्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या, तो जांभा लाल असतो तो लोखंडामुळे. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं आणि मागे राहिले लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. वेंगुर्ले तालुक्यात रेडीला तर लोखंडाचा दगड खाणीतून काढून बंदरातून बाहेर पाठवला जायचा. 1976 साली तिथल्या खाणीतच गणपतीची मूर्ती सापडली, तिच्या दर्शनाला आज लांबून माणसं येतात आणि देवळाच्या आसपासची लाल माती चपलांना लावून परत जातात. ती माती म्हणजे ऑक्सिजनशी घट्ट बांधलेलं लोखंड. अशनींचा अपवाद सोडला तर निसर्गात लोखंड मोकळं असं जवळजवळ भेटतच नाही.

ही गाठ सोडवायला माणसाला फार खर्च येतो. झोतभट्टीत लोखंडाचा दगड, कोळशाचा कोक आणि चुनखडी घालून खालून गरम हवेचा झोत सोडतात. कोकमधला कार्बन लोखंडाकडचा ऑक्सिजन हिसकावून घेतो आणि धुरांड्यातून निघून जातो. या मार्गाने एक टन पोलाद करायला साधारण 1.4 टन लोखंडाचा दगड आणि पाऊण टनाहून जास्त कोळसा लागतो, आणि हवेत दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड जातो. एवढं सगळं करून मोकळं केलेलं लोखंड आपण मालवणच्या खाऱ्या हवेत पत्रा म्हणून घरावर घालतो. तिथे ते पुन्हा ऑक्सिजन ओढायला लागतं. गंज म्हणजे मातीकडे परत निघालेलं लोखंड. पत्र्याची चाळण झाली याचा अर्थ त्यातला काही भाग परत गेलासुद्धा. उरलेला भाग मात्र अजून मोकळा आहे. त्याची गाठ कोणीतरी, कधीतरी, कोळसा जाळून सोडवून ठेवली आहे.

म्हणूनच भंगार वितळवणं दगडापासून लोखंड करण्यापेक्षा इतकं स्वस्त पडतं. तिथे रसायनाचं मोठं काम उरलेलंच नसतं, फक्त उष्णता द्यायची. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबाने एक टन भंगार पुन्हा वापरलं तर सुमारे 1.4 टन लोखंडाचा दगड, 740 किलो कोळसा आणि 120 किलो चुनखडी वाचते आणि दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा थांबतो. काकांच्या आवारात त्या दिवशी एका ट्रकभर माल होता. दहा टन धरला तरी सात टनांहून जास्त कोळसा त्या ताडपत्रीखाली वाचून पडला होता.

उष्णता द्यायची ती विजेने, आणि तीही ठिणगीने. वेल्डिंग करणाऱ्याकडे आपण सगळ्यांनी ती ठिणगी पाहिलेली असते. कांडी आणि लोखंड यांच्यामधल्या बारीक फटीतून वीज उडी मारते आणि डोळे दिपवणारा निळा-पांढरा उजेड पडतो. त्या उजेडाला विद्युतचाप म्हणतात, कारखान्यात सगळे नुसतं 'आर्क' म्हणतात. आर्क भट्टी म्हणजे हीच वेल्डिंगची ठिणगी, घराएवढी केलेली.

आर्कने मुशीत पोलाद पहिल्यांदा विल्यम सीमेन्सने 1870च्या दशकाच्या अखेरीस वितळवून दाखवलं होतं. आर्क त्याच्याकडे होता, पण स्वस्त वीज नव्हती. स्वस्त वीज मिळाली ती फ्रान्समध्ये, आल्प्सच्या दऱ्यांत, जिथे डोंगरावरून पडणाऱ्या पाण्यावर जनित्रं बसली. सावोआ प्रांतातल्या ला प्राझ या गावी पॉल एरू नावाच्या फ्रेंच माणसाने 1900च्या सुमारास आर्क भट्टीतून पोलाद काढलं. हा एरू त्याआधीच प्रसिद्ध होता. 1886 साली, तेविसाव्या वर्षी, त्याने विजेने ॲल्युमिनियम वेगळं करण्याची रीत शोधली होती. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स हॉल याने तीच रीत स्वतंत्रपणे शोधली. दोघांचं जन्मवर्ष एकच, 1863, आणि मृत्यूचं वर्षही एकच, 1914. कसालच्या आवारात 'जर्मन'चा ढीग वेगळा होता, म्हणजे ॲल्युमिनियमचे टोप, पातेल्या, डबे. त्याच्या शेजारी लोखंडाचा ढीग. या दोन ढिगांमागे एकच माणूस उभा आहे हे समजल्यावर मला ते आवार आधीपेक्षा जवळचं वाटायला लागलं.

सावोआतच, दुसऱ्या एका दरीत, युजिन नावाचं गाव आहे. तिथेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाण्याच्या विजेवर पोलादाचे कारखाने उभे राहिले. ते नाव महाराष्ट्रात ओळखीचं झालं ते 1962 साली, जेव्हा फ्रेंच सहकार्याने खोपोलीला महिंद्र युजिन स्टील हा कारखाना निघाला. भंगार आर्क भट्टीत वितळवून त्यात हवे ते धातू घालायचे आणि गाड्यांचे गिअर, क्रँकशाफ्ट, बेअरिंग यांना लागणारं मिश्र पोलाद करायचं, हे त्याचं काम. पुढे जपानच्या सान्यो कंपनीने त्यात भागीदारी घेतली आणि कारखाना तिच्या नावाने चालू लागला. खोपोली गाव त्याच्या आधीपासून विजेचं गाव होतं. लोणावळ्याच्या माथ्यावर अडवलेलं पाणी दीड हजार फुटांहून जास्त उंचीवरून नळांतून खाली आणून टाटांनी 1915 साली तिथे वीज केली आणि मुंबईच्या गिरण्यांना दिली. खंडाळ्याचा घाट उतरताना ते जाड नळ डोंगराच्या अंगावरून खाली येताना दिसतात. आल्प्समध्ये जे झालं त्याची सह्याद्रीतली सावली म्हणून मी नेहमी त्यांच्याकडे पाहतो.

कसालच्या माणसाला त्याहून जवळची भट्टी हवी असेल तर तीही त्याच्याच रस्त्यावर आहे. मुंबईची गाडी धरली, कणकवली, राजापूर, हातखंबा, चिपळूण, महाड, माणगाव करत नागोठण्याच्या पुढे गेलं, की वडखळच्या आसपास डोलवीचा कारखाना लागतो. मूळचा इस्पात उद्योगसमूहाचा हा कारखाना 2010 साली जिंदालांच्या जेएसडब्ल्यूकडे गेला. तिथली भट्टी दोन कामं करते. तिच्यात दोन भांडी शेजारी-शेजारी असतात. एकात आर्क लावून भंगार आणि स्पंज आयर्न, म्हणजे न वितळवता दगडातून मोकळं केलेलं लोखंड, वितळवतात, दुसऱ्यात झोतभट्टीतला पातळ रस घेऊन त्यात ऑक्सिजन फुंकतात. नुसतं भंगार न घालता त्यात हे नवं लोखंड का मिसळतात, त्याचं उत्तर पुन्हा तांब्याशी येऊन थांबतं. त्याकडे येतोच.

आता भट्टीत काय होतं ते जवळून पाहू. भंगार मोठ्या लोखंडी बादलीत भरतात. ही बादली तळाला उघडते. भरण्यातही रीत असते. तळाला हलका माल, पत्रे वगैरे, म्हणजे जड तुकडा थेट आपटून भट्टीच्या तळाच्या विटा फुटू नयेत. मध्ये जड माल, गाड्यांचे सांगाडे, गर्डर. वर पुन्हा हलका, म्हणजे आर्क पटकन आत शिरतो आणि त्याची आग छपराला लागत नाही. मध्ये मध्ये चुना. भट्टीचं छप्पर बाजूला सरकतं, बादली वर येते, तळ उघडतो आणि सगळा माल कोसळतो.

छप्पर परत बसतं आणि त्याच्या तीन भोकांतून ग्रॅफाइटच्या तीन कांड्या खाली उतरतात. कांडी म्हटलं तरी मोठ्या भट्टीत ती दोन फूट जाड असते. अशा कांड्या आपल्याकडे नाशिकला होतात. तीन कांड्या म्हणजे थ्री-फेजच्या तीन तारा, असं समजायला हरकत नाही. टोक भंगाराच्या जवळ गेलं की वीज उडी मारते. त्या ठिकाणी तापमान काही हजार अंश असतं आणि पोलाद दीड हजाराच्या वर वितळतं, त्यामुळे कांडी भंगारात भोक पाडत पाडत खाली जाते. त्या वेळचा आवाज माणसाच्या सहनशक्तीबाहेरचा असतो. ढासळणारं भंगार, तुटणारा आणि पुन्हा लागणारा आर्क, त्याचा गडगडाट. कानात बोळे असले तरी तो छातीत वाजतो. मग हळूहळू खाली रस साठतो, भंगार बुडतं, आर्क स्थिर होतो आणि गडगडाटाचा घरघराट होतो. अनुभवी कामगार नुसत्या आवाजावरून सांगतात की हीट आता कुठे आहे. हीट म्हणजे एका वेळी काढलेला घाणा.

रस झाल्यावर नळीने ऑक्सिजन सोडतात आणि कोळशाची भुकटी फुंकतात. त्यातून वायूचे बुडबुडे निघतात आणि वरच्या मळीला, म्हणजे स्लॅगला, पेजेला ऊत यावा तसा फेस येतो. हा फेस मुद्दाम आणतात. त्यात आर्क झाकला जातो, उष्णता भिंतींना न लागता रसात जाते आणि आवाजही दबतो. फेसाळ स्लॅग नीट जमणं हे चांगल्या भट्टीवाल्याचं लक्षण. याच वेळी ऑक्सिजन रसातल्या नको त्या गोष्टी जाळतो. कार्बन वायू होऊन जातो, सिलिकॉन आणि फॉस्फरस ऑक्साइड होऊन चुन्याच्या मळीत जाऊन बसतात. मग मळी काढून टाकतात, तापमान 1,600 अंशांच्या पुढे नेतात आणि तळाच्या भोकातून रस खालच्या लेडलमध्ये, म्हणजे मोठ्या भांड्यात, सोडतात. थोडा रस भट्टीत राखून ठेवतात, पुढच्या हीटचं विरजण म्हणून. लेडलमध्ये गंधक काढायचं, फेरोमँगनीज वगैरे घालायचं, आरगॉन वायूने ढवळायचं. त्यातलं मँगनीज भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं असू शकतं आणि फेरोमँगनीज चंद्रपूरच्या भट्टीतलं. आधुनिक भट्टी हे सगळं तासाभराच्या आत उरकून पुढची बादली मागते.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं. ऑक्सिजन सोडल्यावर रसातून काय बाहेर जातं, तर ज्याला लोखंडापेक्षा ऑक्सिजनची ओढ जास्त आहे ते. सिलिकॉनला आहे, कार्बनला आहे, चुन्याच्या सोबतीने फॉस्फरसलाही आहे. तांब्याला ती लोखंडापेक्षा कमी आहे. तांबं जाळायचं तर आधी भट्टीतलं सगळं लोखंड जाळावं लागेल. कथलाचंही तसंच. त्यामुळे मोटरीच्या खाचेत राहिलेल्या त्या चार तारा एकदा रसात गेल्या की कायमच्या गेल्या. त्या रसाची सळी होईल, पन्नास वर्षांनी ती सळी परत भंगारात येईल, पुन्हा वितळेल, आणि तांबं तिच्यात तसंच असेल. त्यात नव्या मोटरीचं तांबं मिसळेल. दर फेऱ्याला वाढणारं हे ओझं आहे.

त्याने बिघडतं काय? पोलाद लाल तापवून लाटताना पृष्ठभागावरचं लोखंड हवेतल्या ऑक्सिजनने जळतं आणि खवले होऊन पडतं. तांबं जळत नाही, ते मागे राहून साठत जातं. तांबं 1,085 अंशांला वितळतं, पोलाद लाटतात ते त्याहून जास्त तापमानाला. म्हणजे पृष्ठभागाखाली तांब्याचा पातळ ओघळ तयार होतो आणि तो पोलादाच्या कणांमधल्या फटींतून आत शिरतो. रुळांचा दाब आला की तिथे भेगा पडतात. कथील असेल तर हे आणखी लवकर होतं. सळीला थोड्या भेगा चालतात. गाडीच्या दाराचा किंवा डब्याचा खोल ओढलेला पत्रा मात्र फाटतो.

म्हणून मर्यादा ठरल्या आहेत. बांधकामाच्या सळीत 0.4 टक्क्यापर्यंत तांबं खपून जातं, म्हणजे टनाला चार किलो. खोल ओढायच्या पत्र्यात ते 0.06 टक्क्याच्या खाली लागतं, म्हणजे टनाला सहाशे ग्रॅम. विहिरीवरच्या लहान पंपात किलोभर तांबं सहज असतं. टनभर भंगारात अशी एकच मोटर न फोडता गेली तरी त्या टनाचा पत्रा होणार नाही, सळीच होईल. उपाय दोनच. एक म्हणजे दगडापासून केलेलं नवं, स्वच्छ लोखंड मिसळून तांबं पातळ करायचं. डोलवीसारख्या ठिकाणी भट्टीत स्पंज आयर्न आणि झोतभट्टीचा रस पडतो त्याचा हाही एक फायदा. दुसरा उपाय कसालच्या आवारात पक्कड घेऊन बसलेला होता.

आपल्याकडे हे काम हाताने होतं, आणि हाताने झालेलं काम यंत्रापेक्षा स्वच्छ असतं. परदेशात अख्खी गाडी श्रेडरमध्ये घालून तिचे मुठीएवढे तुकडे करतात आणि चुंबकाने लोखंड ओढून घेतात. वायरिंगचे तुकडे लोखंडाला गुंडाळून चुंबकाबरोबर जातात. आपल्याकडचा माणूस वायरिंग आधी ओढून काढतो. 2019 साली केंद्र सरकारने पोलादी भंगाराचं धोरण आणलं, 2021 साली जुन्या गाड्या मोडण्याचं धोरण आलं, 2023 पासून पंधरा वर्षांवरची सरकारी वाहनं मोडीत काढायचा नियम आला, आणि त्यात एस.टी.च्या गाड्याही आल्या. या सगळ्या कागदांत मोठी केंद्रं आहेत, यंत्रं आहेत. माल ओळखणाऱ्या हाताची किंमत त्यात कुठेतरी धरायला हवी होती, असं मला वाटतं. हातमोजे, चष्मा, बसायला कोरडी जागा आणि कामाला नाव. तारेवरचं आवरण जाळून तांबं काढतात तो धूर या मुलांच्या छातीत जातो. काकांच्या आवारात जाळत नव्हते, सोलत होते. सगळीकडे तसं नसतं.

ओळखीचं हे काम जिवाशीही येऊन भिडतं. काका प्रत्येक सिलिंडर, प्रत्येक शॉकअब्सॉर्बर, प्रत्येक बंद नळी बाजूला काढतात आणि भोक पाडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. बंद पोकळीत पाणी असेल आणि ती रसात पडली तर पाण्याची वाफ हजारपटीहून जास्त फुगते, आणि भट्टी तोफ होते. 2004 साली गाझियाबादच्या एका कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत तोफगोळे निघाले आणि स्फोटात कामगार गेले. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेलं जुनं उपकरण भंगारवाल्यांनी फोडलं. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट-60 होतं. ते चकाकणारे तुकडे कोणी हाताळले, कोणी खिशात ठेवले, आणि एका माणसाचा जीव गेला. त्याआधी, 2008 साली, फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडलं होतं. माग काढत गेल्यावर तो धागा महाराष्ट्रातल्या एका फाउंड्रीत वितळलेल्या भंगारापर्यंत पोचला. असं होऊ नये म्हणून मोठ्या कारखान्यांच्या फाटकावर ट्रक किरणोत्सार मोजणाऱ्या खांबांमधून जातो. कसालला असे खांब नाहीत. तिथे फक्त काकांचा अंदाज आहे, आणि पिवळ्या-काळ्या पंख्याचं चिन्ह दिसलं तर हात लावायचा नाही, हे त्यांना मी त्या दिवशी कागदावर काढून दाखवलं.

भट्टी सिंधुदुर्गातच का असू नये, हा प्रश्न काकांनीच मला विचारला. माल इथला, मग घाट चढून कशाला न्यायचा? उत्तर विजेत आहे. एक टन भंगार वितळवायला साधारण चारशे युनिट वीज लागते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराचं ते चार महिन्यांचं बिल. शंभर टनांच्या एका हीटला चाळीस हजार युनिट, म्हणजे अशा चारशे घरांची महिन्याची वीज, आणि ती तासाभरात ओढायची. शिवाय आर्क लागतो-तुटतो तसे भोवतीच्या तारांवर हिसके बसतात. मोठ्या दाबाची भक्कम वाहिनी शेजारी हवी. आणि जून ते सप्टेंबर आपल्या भागात झाड पडून वीज जाते तेव्हा भट्टीत रस असेल तर तो तिथेच थिजतो. काकांनी मान डोलावली. त्यांच्या वजनकाट्याचा दिवा तेव्हाही गेलेलाच होता.

म्हणून कसालचा माल फुटून जातो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फोंडाघाट चढून कोल्हापूरच्या फाउंड्र्यांकडे जातं आणि पुन्हा पंपाचं कवच होऊन कदाचित कोकणातच येतं. बाकीचं लोखंड इंडक्शन भट्ट्यांकडे. महाराष्ट्रात सळीचं मोठं गाव म्हणजे जालना, आणि तिथलं काम इंडक्शनवर चालतं. तिच्यात आर्क नसतो. भांड्याभोवती तांब्याची वेटोळी असतात, त्यांतून उलटसुलट वीज सोडली की आतल्या लोखंडातच प्रवाह फिरून ते तापतं. म्हणजे ती एका अर्थाने त्या मुलाने फोडलेल्या मोटरीचीच बहीण. स्वस्त, आटोपशीर. पण ती वितळवते, शुद्ध करत नाही. आर्क भट्टी निदान फॉस्फरस बाहेर काढते, इंडक्शनमध्ये जे घालाल ते जवळपास तसंच सळीत उतरतं. भारतातलं निम्म्याहून जास्त पोलाद या दोन प्रकारच्या विजेच्या भट्ट्यांतून येतं. जगाची सरासरी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी आहे. निवडणाऱ्या हातावर आपण जगापेक्षा जास्त विसंबलेले आहोत, ते असे.

एक कबुली द्यायला हवी. आर्क भट्टी स्वच्छ किती, ते तिची वीज कुठून येते यावर ठरतं. एरूची वीज पाण्याची होती. आपली अजून मोठ्या प्रमाणात कोळशाची आहे. तरीही भंगाराच्या मार्गाने टनाला होणारं कार्बनचं उत्सर्जन झोतभट्टीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं येतं. वेल्समध्ये पोर्ट टॅल्बटला टाटांनी सप्टेंबर 2024 मध्ये शेवटची झोतभट्टी विझवली आणि तिच्या जागी वर्षाला तीस लाख टनांची आर्क भट्टी बांधायला घेतली. तिथे शंभर वर्षांचं भंगार साठलेलं आहे. आपल्याकडे नाही. आपण लोखंड आत्ता कुठे घरात, पुलात, रुळात घालतो आहोत आणि स्लॅबमधली सळी पन्नास-साठ वर्षं परत येत नाही. तोवर खाणीतला दगडही लागणारच.

आणि काही लोखंड परत येतं तेव्हा माणसं हळहळतात. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका 1961 ते 1997 नौदलात होती, नंतर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि 2014 साली दारूखान्याच्या किनाऱ्यावर तोडायला घेतली. तिच्या धातूचा काही भाग बजाजने 2016 साली एका मोटरसायकलीत वापरला. विक्रांतवर चाकरी केलेली माणसं कोकणात गावोगाव आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याच्या अंगणात ती मोटरसायकल उभी असेल, तर त्याला ती पुसताना काय वाटत असेल याचा विचार माझ्या मनात येतो.

संध्याकाळी ट्रक भरला. पाऊस थांबला होता, पण भंगार ओलं होतं, म्हणून ड्रायव्हरने ताडपत्री न घालता पाणी निथळू दिलं. काकांनी मला विचारलं, "मगे आमच्या ह्या लोखांडाचा करतत काय?"

सळी, मी म्हणालो. आणि मुलाने तांबं काढलं नसतं तर तीही नीट झाली नसती.

रस्त्यापलीकडे एका घराचा पहिला मजला अर्धा झाला होता. कॉलमच्या वर सळ्या तशाच उघड्या सोडलेल्या होत्या, पुढच्या वर्षी बांधकाम चढवायचं असेल. काका थोडा वेळ तिकडे बघत राहिले. श्रावणभर भिजून त्या सळ्यांवर तांबूस पूड चढली होती आणि खालच्या पांढऱ्या भिंतीवर तिचे ओघळ उतरले होते. मुलाने शेवटची मोटर पायात धरली आणि छिन्नी लावली.